कास्तिलचा पाव, नागासाकीचा केक

आपण पाव म्हणतो, जपानी माणूस 'पान' म्हणतो. दोन्ही शब्द पोर्तुगिजांचे, एकाच सागरी वाटेवर उतरलेले. ती वाट गोव्याहून मलाक्का, मकाव करत जपानला जाई. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्यातूनच निघून कागोशिमाला पोचला. त्याच्या सोबत अंजिरो नावाचा जपानी होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी गोव्यात झालेला. १५७१ पासून नागासाकी हे पोर्तुगीज जहाजांचं बंदर झालं आणि तिथे साखर, अंडी आणि मैद्याचा एक केक रुजला. त्याचं नाव कासुतेरा.

नावाची व्युत्पत्ती बहुतेक जण 'पांव द कास्तेला', म्हणजे स्पेनमधल्या कास्तिल प्रांताचा पाव, अशी देतात. दुसरीही एक सांगितली जाते. अंड्याचा पांढरा बलक घट्ट, उंच फेटण्याला पोर्तुगिजीत 'किल्ल्यासारखं फेटणं' म्हणतात आणि किल्ला म्हणजे कास्तेलो. मला पहिली पटते, पण दुसरी सोडवत नाही, कारण या केकचा सगळा जीव त्या फेटण्यातच आहे. यात यीस्ट नाही, सोडा नाही, लोणी नाही. फुगवते ती फक्त अंड्यात कोंडलेली हवा.

पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि १६३९ मध्ये पोर्तुगिजांना देशाबाहेर काढलं गेलं. केक मात्र राहिला. फुकुसाया हे नागासाकीतलं दुकान १६२४ पासूनचं, म्हणजे पोर्तुगीज अजून गावात होते तेव्हाचं. त्यांच्यामागून देजिमा बेटावर डचांचा व्यापार सुरू राहिला आणि साखर त्यांच्या जहाजांतून येत राहिली. नागासाकीहून कोकुराकडे जाणाऱ्या रस्त्याला आज साखरवाट म्हणतात. तिच्यावरच्या गावांत गोड पदार्थांची रेलचेल आहे. सागा भागातला 'मारुबोरो' त्यांतलाच. त्यातला 'बोरो' म्हणजे पोर्तुगीज 'बोलो', गोव्यातल्या बोलिन्यांचा नातलग.

जपानी घरात भट्टी नव्हती. मग 'हिकिगामा' आली: भांड्याखाली निखारे, वरच्या झाकणावरही निखारे. हे वाचलं तेव्हा मला गोव्यातलं बेबिंक आठवलं. त्याचे थरही झाकणावरच्या निखाऱ्यांनीच भाजले जायचे. घरात भट्टी नसलेल्या दोन मुलखांत उपाय एकच निघाला.

आज आपण ज्याला मधाचा केक म्हणतो त्यातला गोड ओलावा मात्र पोर्तुगिजांचा नव्हे. सुरुवातीचा कासुतेरा बराच कोरडा होता. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, त्यात 'मिझुआमे' हा स्टार्चपासून केलेला पारदर्शक पाक पडू लागला आणि केक मऊ, ओलसर झाला. घरी करताना तो मिळत नाही, म्हणून मध. म्हणजे ज्या गोष्टीने हा केक ओळखला जातो ती सर्वांत उशिरा आली, आणि ती जपानची आहे.

मी घरी करते तेव्हा ४ अंडी, १२० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मैदा आणि २ मोठे चमचे मध घेते. मैदा पावासाठी वापरतात तो, जास्त चिवट. साध्याने केक फार भुसभुशीत होतो. मध कोमट पाण्यात सैल करून घालायचा, नाहीतर तो तळाशी बसतो. अंडी-साखर कोमट असताना फेटायची. रवीवरून सुटणारी धार मिश्रणावर रिबिनीसारखी क्षणभर टिकली की थांबायचं. साचा लाकडी चौकटीचा असेल तर उत्तम, कारण लाकूड सावकाश तापतं आणि कडा करपत नाहीत. नागासाकीत तळाशी जाड साखरेचे दाणे पेरतात. त्यांतले काही भाजूनही न विरघळता दाताखाली येतात.

मग 'आवाकिरी', म्हणजे बुडबुडे कापणं. भट्टीत ठेवल्यावर मिनिटभराने साचा बाहेर काढून उलथन्याने पृष्ठभाग हलकेच ढवळायचा, आणि असं तीनदा. मोठे बुडबुडे मोडतात, बारीक राहतात, आणि कापलेला काप रेशमासारखा एकसारखा दिसतो. हे टाळलं तर पोटात भोकं पडतात. पुढे १६० अंशांवर पाऊणेक तास.

बाहेर काढल्यावर साचा वीतभर उंचीवरून ओट्यावर आपटायचा म्हणजे केक आकसत नाही. गरम असतानाच उपडा करून कागदात गुंडाळायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. आतली वाफ वरच्या तपकिरी सालीत मुरते. सकाळी कागद सोडवताना ती साल थोडी कागदाला चिकटून येते. ती आधी खायची.