भूल देणाऱ्या टीमचा सराव : सिम्युलेशन ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय?

ऑपरेशन ठरलं की आपण सर्जन कोण, हे हमखास विचारतो. भूल कोण देणार, हे मात्र फार कमी लोक विचारतात. खरं तर ऑपरेशन चालू असताना पेशंटचा श्वास, नाडी आणि ब्लडप्रेशर भूलतज्ज्ञ आणि त्यांच्या टीमच्या हातात असतं. ही टीम संकटाचा सराव कसा करते, याची माहिती आम्ही इथे देत आहोत.

गरज का पडली?

१९७८ साली अमेरिकेत जेफ्री कूपर आणि सहकाऱ्यांनी भूल देतानाच्या ३५९ टाळता येण्यासारख्या घटना तपासल्या. त्यांतल्या ८२ टक्के घटनांमागे माणसाची चूक होती. मशीन बिघडल्याच्या घटना त्यामानाने थोड्या होत्या.

२००५ मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली या ३७ वर्षांच्या महिलेचं सायनसचं साधं ऑपरेशन होतं. भूल दिल्यावर श्वासाचा मार्ग मिळेना. डॉक्टर अनुभवी होते, साधनंही होती. नर्सने गळ्यातून श्वासमार्ग करण्याचा संच आणून तसं सांगितलंही. पण डॉक्टर तोंडातून नळी घालण्याच्याच प्रयत्नात अडकून पडले. १३ दिवसांनी एलेन वारल्या. त्यांचे पती मार्टिन पायलट होते. २००७ मध्ये त्यांनी 'क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप' ही संस्था काढली आणि डॉक्टरांना टीमवर्कचं महत्त्व सांगायला सुरुवात केली.

सुरुवात कुठून झाली?

ही कल्पना विमानांकडून आली. १९७० च्या दशकातल्या मोठ्या अपघातांनंतर पायलट आणि सहकाऱ्यांना एकत्र प्रशिक्षण देण्याची पद्धत आली. हीच पद्धत डॉ. डेव्हिड गाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफोर्डमध्ये भूलशास्त्रात आणली. १९८० च्या दशकात त्यांनी सिम्युलेटर तयार केला आणि १९९० च्या सुमारास टीमसाठी कोर्स सुरू केला.

सराव कसा होतो?

खऱ्या थिएटरसारखी खोली असते. टेबलावर पुतळा असतो. त्याची छाती हलते, नाडी लागते, मॉनिटरवर आकडे दिसतात. पलीकडच्या खोलीतून प्रशिक्षक हे सगळं चालवतो. अचानक ऑक्सिजन घसरतो किंवा औषधाची रिअ‍ॅक्शन येते. भूलतज्ज्ञ, नर्स, टेक्निशियन सगळे मिळून ते निस्तरतात. नंतर सगळे बसून चर्चा करतात, बऱ्याचदा व्हिडिओ बघून. खरं शिक्षण इथेच होतं. इथे कुणाला रागवायचं नसतं, "त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?" असं विचारायचं असतं.

शिकवण्याचे मुख्य मुद्दे असे :

- मदत लवकर बोलवा, त्यात कमीपणा नाही.
- टीमचा प्रमुख कोण, हे सगळ्यांना माहीत हवं.
- काम नाव घेऊन सांगा. "कुणीतरी औषध आणा" म्हटलं की कुणीच जात नाही.
- ज्याला सांगितलं त्याने ते परत म्हणून दाखवायचं, आणि झाल्यावर "दिलं" असं कळवायचं.
- एकाच उपायावर अडून बसू नका.
- ज्युनियरला धोका दिसला तर त्याने मोठ्याने बोलावं, आणि सीनियरने ऐकावं.
- सगळं आठवणीवर सोडू नका, चेकलिस्ट हाताशी ठेवा.

चेकलिस्टचा फायदा सिम्युलेशनमध्येच तपासला गेला. २०१३ च्या एका अभ्यासात १७ टीमनी १०६ संकटं हाताळली. चेकलिस्ट नसताना २३ टक्के महत्त्वाच्या पायऱ्या सुटल्या, चेकलिस्ट असताना फक्त ६ टक्के.

लहान हॉस्पिटलचं काय?

महागडा पुतळा नसला तरी अडत नाही. आपल्याकडे अनेक नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, स्टाफशी त्यांची रोजची सवय नसते. तिथे तर सराव जास्तच हवा. साधा पुतळा घेऊन आपल्याच थिएटरमध्ये अर्धा तास सराव केला, तरी तातडीचं औषध कुठल्या कपाटात आहे आणि चावी कुणाकडे आहे, हे कळतं.

एक मर्यादाही सांगायला हवी. या ट्रेनिंगने टीमचं वागणं सुधारतं याचे पुरावे चांगले आहेत. मृत्यू नेमके किती कमी होतात, हे मोजणं मात्र अवघड आहे.

नर्सिंग किंवा ओटी टेक्निशियनचा कोर्स करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी असा सराव कुठे मिळतो ते जरूर विचारावं. थिएटरमध्ये धोका सगळ्यात आधी त्यांनाच दिसू शकतो, आणि त्या वेळी बोलायची सवय सरावानेच लागते.