तळटीप १७ : ‘दहाव्या पायरीचा तुकडा’

१७. दहाव्या पायरीचा तुकडा : लिनक्सचा कर्नल मेमरीचा हिशेब पानांत ठेवतो. नेहमीच्या पीसीवर एक पान ४ किलोबाइटचे. शून्यावी पायरी म्हणजे एकच पान. पुढे दर पायरीला दुप्पट. दहावी पायरी म्हणजे सलग १,०२४ पाने, अर्थात ४ मेगाबाइट. लहान तुकडा हवा असेल आणि तो हाताशी नसेल, तर मोठा तुकडा मधोमध चिरतात. ते दोन अर्धे एकमेकांचे ‘बडी’. दोन्ही मोकळे झाले की पुन्हा सांधले जातात. नुसता शेजार मात्र पुरत नाही : ८ क्रमांकाच्या पानाची जोडी ९शी जमते, ७शी नाही, ७चा सोबती ६. त्यामुळे अधलीमधली चार पाने कोणी अडवून बसले, तरी मोठा तुकडा जुळत नाही. लेखक वर ‘मेमरी संपली’ म्हणतो ते ढोबळच आहे; ती संपली नव्हती, विखुरली होती. चिरण्या-सांधण्याच्या या युक्तीचे जनकत्व हॅरी मार्कोविट्झ यांना देतात (१९६३). हो, अर्थशास्त्राचे नोबेल (१९९०) मिळवणारे तेच. केनेथ नोल्टन यांनी ती १९६५ मध्ये छापून मांडली. पुढच्या परिच्छेदातली अकरा आकड्यांची ओळ ‘बडीइन्फो’ या फाइलमधली आहे. ती डावीकडून वाचावी : पहिला आकडा सुट्या पानांचा, शेवटचा दहाव्या पायरीच्या मोकळ्या तुकड्यांचा. इथे तो शून्य आहे.