कात्रीने आणलेला हिवाळा

एका फळाने बादशहाला रडवले, असे सांगितले तर खरे वाटेल का? पण ते त्या बादशहानेच लिहून ठेवले आहे. १५२६ मध्ये पानिपत जिंकून बाबर आग्र्याला आला. हिंदुस्थानात चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, अशी तक्रार ‘बाबरनामा’त आहे. खरबूज कापून खाताना आपल्याला रडू आले, असे त्याने १५२९ मध्ये काबूलला कळवले. त्याच वर्षी बल्खच्या माळ्याने आग्र्यात पिकवलेली खरबुजे आणि बागेतली द्राक्षे हाती आली, तेव्हा कुठे त्याला समाधान वाटले.

आपल्या दख्खनमध्ये द्राक्ष त्याच्याही आधीचे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने नोंदवले आहे. ही करामत हवामानाची. थंड मुलखात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, म्हणून वेल झोपत नाही. तिचा हिवाळा माणसाला कात्रीने आणावा लागतो. नाशिक-सांगलीकडचा बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो. उन्हाळ्यात नव्या काडीच्या डोळ्यांत घड धरतो आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर पडतो. डाळिंबाला तहान द्यावी लागते. पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ झाली की पाणी सोडायचे, झाड फुलते.

या फुलण्याला शेतकरी मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार म्हणतो. ‘बहार’ हा फार्सी शब्द, अर्थ वसंत. आम्हा कवींचा वसंत वर्षातून एकदाच येतो. शेतकऱ्याने तो नक्षत्रांना बांधला आणि तीनदा बोलावता येईल असा केला. त्यातलाही एकच धरायचा, नाहीतर झाड थकते, हे शहाणपण त्याचेच.

पण हा सगळा व्यवहार आभाळाच्या भरवशावर चालतो. ताणाच्या दिवसांत पाऊस आला की ताण मोडतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की वेलीवर डाऊनी येतो, घड कुजतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर गारपिटीने काढणीला आलेल्या बागा झोडपल्या. बाबराला आठवणीने रडू आले. राज्य त्याच्या हाती शाबूत होते. गारांचा सडा पडलेल्या बागेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज असते आणि पुढच्या घडासाठी त्याला पुन्हा वर्षभर थांबावे लागते.