हुकूमतपन्हा रामचंद्रपंत

मंगळवेढ्याच्या वाटेवर भीमेच्या काठी असलेला माचणूरचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सिद्धेश्वराचे दर्शन घ्यायचे, तटाकडे एक नजर टाकायची आणि परतायचे, असाच आपला रिवाज. पण शेजारच्या ब्रह्मपुरीला १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेब बादशहाची छावणी होती. चार वर्षे हिंदुस्थानचा कारभार या काठावरून चालला! त्या बादशहाला ज्यांनी दाद दिली नाही, त्यांतल्या एका कारभाऱ्याची ही हकीकत.

रामचंद्र नीळकंठ बावडेकर हे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत अमात्य. वडील निळो सोनदेव हेही महाराजांच्याच सेवेतले. १६८९ साली संभाजीराजे मारले गेले, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले. जाताना त्यांनी मागचा कारभार पंतांवर सोपवला आणि ‘हुकूमतपन्हा’ हा किताब दिला. म्हणजे राजा दूर कर्नाटकात आणि राज्य पंतांच्या शिरावर. संताजी, धनाजी, शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक यांना हाताशी धरून त्यांनी ते जवळजवळ नऊ वर्षे तगवले.

तगवले कसे? खजिना रिकामा, सरदार दोलायमान. बादशहा वतनाचे आमिष दाखवी, तेव्हा इकडूनही वतने, सरंजाम देणे भाग पडले. शिवछत्रपतींनी जे कटाक्षाने आवरून धरले होते, ते गरजेपोटी सैल करावे लागले. राज्य वाचले, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागणार होती.

पुढे १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींसाठी ‘आज्ञापत्र’ तयार झाले. ते पंतांचेच मानतात. आता गंमत बघा. या ग्रंथात वतनदारांविषयी राजाला सावध केले आहे. वतनदार म्हणजे राज्यातले लहान लहान राजेच. त्यांना मोकळे सोडू नये आणि उगाच दुखवूही नये. नोकराला बक्षीस द्यायचे तर रोख द्यावे, जमिनी तोडून देऊ नयेत. टोपीकर व्यापाऱ्यांच्या मागे त्यांचे राजे असतात, म्हणून त्यांना किनाऱ्यावर पक्के ठाणे करू देऊ नये. आरमारासाठी लाकूड हवे, पण रयतेचा आंबा-फणस तिच्या मनाविरुद्ध तोडू नये.

याच शतकात इंग्लंडमध्ये दुसऱ्या जॉर्जच्या दरबारी लॉर्ड हार्वी नावाचा उमराव होता. त्याने राजवाड्यातल्या हेव्यादाव्यांच्या आठवणी लिहिल्या. त्या छापल्या गेल्या १८४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनी. हेवेदावे पंतांनीही कमी पाहिले नव्हते. १७१४ साली कोल्हापुरात ताराबाईंची सत्ता गेली, तेव्हा ते तिथेच होते. पण त्यांनी लिहिले ते राज्य कसे चालवावे यावर.

कोणी म्हणेल, ज्यांच्या कारभारात वतने वाटली गेली आणि ज्यांच्या वंशाकडे बावड्याची जहागीर राहिली, त्यांनी वतनांवर का बोलावे? मला वाटते, त्यांनीच बोलावे. ज्याचे जळते त्याला कळते. औषध म्हणून दिलेले विष अंगात कसे भिनते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

१७१६ साली पंत वारले. सरदारांची ओढाताण थांबली नाही. आणि १८१८ साली टोपीकरांनी पेशवाई बुडवली, तेव्हा पंतांचा इशारा शंभर वर्षांचा झाला होता.