सफरचंदाची काकवी : डागी मालाचा तीनशे वर्षांचा हिशोब



गेल्या हंगामात माझा बारा कॅरेट पेरू मार्केटमधून तसाच माघारी आला. डाग आहे, आकार बारीक आहे, म्हणून कुणी बोलीच लावली नाही. जायचं भाडं गेलं, यायचं भाडं गेलं, आणि माल शेवटी बांधावर ओतला. निम्मा गुरांनी खाल्ला, निम्मा कुजला. ओतताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू.

पुढं महिन्याभरानं आठवडी बाजारात सफरचंदवाला उठायच्या वेळेला दबलेली फळं स्वस्तात देत होता. पाच किलो आणली. धाकटी मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते. ती म्हणाली, "आबा, याचं ॲपल बटर करूया." मी म्हणलं, लोणी कुठनं आणायचं? तर त्यात लोणी नसतंच. लोण्यासारखं भाकरीला फासता येतं म्हणून नाव बटर. सफरचंदाचा गर सफरचंदाच्याच रसात आटवायचा, दालचिनी-लवंग घालायची, काळपट तांबडा होईस्तोवर घोटायचा. आमच्या मंडळींनी चव घेतली आणि म्हणाल्या, "ही तर सफरचंदाची काकवी!" त्यावरनं मी याचा इतिहास वाचत गेलो. तो आपल्या कामाचा वाटला म्हणून लिहितोय.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचं राज्य आहे. तिथं 1683 साली फिलाडेल्फिया शहराजवळ जर्मनटाऊन ही जर्मन लोकांची वस्ती झाली. पुढच्या शंभर वर्षांत ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातनं हजारो शेतकरी कुटुंबं तिकडं गेली. लढाया, कर आणि तुकड्या-तुकड्यांची जमीन याला कंटाळलेली माणसं. लँकेस्टर, बर्क्स या भागात त्यांनी शेती उभी केली आणि घरटी सफरचंदाची झाडं लावली. बरीचशी झाडं बियांपासनं वाढवलेली. आता सफरचंदाचं बी पेरलं की आईसारखं झाड येत नाही, हे आंब्याची कोय लावलेल्या माणसाला सांगायला नको. कुठलं आंबट, कुठलं तुरट, कुठलं बारीक. म्हणजे त्या लोकांच्या झाडाखाली डागी मालच जास्त. चांगलं फळ तळघरात पेंढ्यात ठेवायचं, बाकीच्याचा रस गाळायचा. पण झडलेलं, पोचलेलं फळ चार महिन्यांच्या बर्फात टिकवायचं कसं? साखर महाग, विकत आणायची. तेव्हा त्यांनी फळाचीच साखर वापरली.

रीत अशी. सफरचंदं घाण्यात चिरडून रस काढायचा. मोठ्या तांब्याच्या काहिलीत तो निम्मा होईस्तोवर उकळायचा, वर येणारी मळी काढत राहायचं. मग सोलून चिरलेल्या फोडी थोड्याथोड्या सोडायच्या आणि घोटायचं. पहाटे चूल पेटवली तर उतरवायला संध्याकाळ व्हायची. घोटायचा दांडा लांबलचक, पुढं भोकं पाडलेली आडवी फळी, म्हणजे माणूस आगीपासनं लांब उभा राहतो. कडेनं दोनदा आणि मधनं एकदा, असा फेरा ठरलेला. हात थांबला की तळ लागला आणि दिवसभराचं काम करपलं. काही ठिकाणी तळाशी तांब्याची नाणी टाकत, ती दांड्याबरोबर सरकत राहायची आणि तळ खरवडला जायचा. मसाला शेवटी. दालचिनी आणि लवंग आपल्या आशियातली, ऑलस्पाइस जमैकाकडची. बंदरातनं आलेला महाग माल, म्हणून चिमटीनं घालायचे.

ज्यानं गुऱ्हाळ बघितलंय त्याला यात नवं काय वाटणार? घाणा तोच, काहील तीच, मळी तीच. फरक एवढाच, की आपला गुळव्या एकटा पारख करतो आणि तिथं अख्खी वाडी घोटायला असायची. आदल्या रात्री शेजारपाजारची पोरंपोरी जमून फोडी चिरायची. दुसऱ्या दिवशी पाळीपाळीनं दांडा धरायचा. दांड्याला एक मुलगा आणि एक मुलगी लावायची पद्धत होती, त्यातनं लग्नंही जुळायची म्हणतात. आज तुझ्या दारात, उद्या माझ्या दारात. आपल्याकडं याला सावड म्हणतात, कुठं पैरा, कुठं इर्जिक. एका घरातल्या माणसांनी दिवसभर हात न थांबवता घोटणं होतच नाही. म्हणून या पदार्थात फळाइतकेच शेजारीसुद्धा लागायचे.

इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरही असाच प्रकार आहे. तिथं त्याला काळं बटर म्हणतात. त्यात लिंबू, मसाला आणि ज्येष्ठमध पडतं, आणि रात्रभर घोटत गाणी म्हणायची चाल होती.

नावाची गंमत ऐका. पेनसिल्व्हेनियाचे जर्मन याला लाटवारिक म्हणतात. तो शब्द औषधाच्या लॅटिन नावावरनं आला, आणि त्याचं मूळ ग्रीक भाषेतल्या 'चाटणे' या क्रियापदाशी जोडतात. आपल्या वैद्यांचा अवलेह शब्दही 'लिह्' म्हणजे चाटणे यावरनंच. च्यवनप्राश हा अवलेहच. फळ आटवून, मसाला घालून टिकवायची युक्ती दोन्हीकडं औषधाच्या बरणीतनं स्वयंपाकघरात आली म्हणायची.

चुकाही झाल्या, त्याही शिकण्यासारख्या. सफरचंद आंबट, म्हणून तांब्याची काहील आधी मीठ-व्हिनेगारनं लख्ख घासायची आणि शिजल्याबरोबर रिकामी करायची, गार होईस्तोवर त्यात ठेवायचं नाही. आपण कल्हई लावतो ती याचसाठी. दुसरी चूक जास्त वाईट. तयार माल ते लाल मातीच्या बरण्यांत भरायचे आणि त्यांना आतनं शिशाची झिलई असायची. आंबटपणानं शिसं सुटून पोटात जायचं. पुढं मीठ टाकून भाजलेली दगडी बरणी आली. 1858 साली जॉन मेसननं आट्याच्या झाकणाची काचेची बरणी पेटंट केली, तेव्हा साठवण आणखी सोपी झाली.

मग ही रीत मोडली कशानं? साखर स्वस्त झाली, वाफेवर शिजवणारे कारखाने आले, पोरं शहरात गेली. दांडा धरायला माणूस राहिला नाही. आता तिकडं चर्च किंवा गावचं अग्निशमन दल वर्गणीसाठी काहील चढवतं. वेस्ट व्हर्जिनियात बर्कले स्प्रिंग्ज गावी दर ऑक्टोबरात ॲपल बटरचा उत्सव भरतो. रोजचं काम होतं, ते वर्षातनं एकदा बघायची गोष्ट झाली.

याचा आपल्या देशाशी एक धागा आहे. फिलाडेल्फियातल्याच एका घरात 1882 साली सॅम्युअल स्टोक्स जन्मला. 1904 साली तो कुष्ठरोग्यांची सेवा करायला भारतात आला आणि शिमल्याच्या वर कोटगडला राहिला. पुढं स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला, सत्यानंद झाला. 1916 च्या सुमारास त्यानं अमेरिकेतनं रेड डेलिशसची कलमं आणून कोटगडला लावली. हिमाचलचा सफरचंदाचा धंदा त्यातनं वाढला. पण ती जात लाल, देखणी, खायची. फळ आलं, काहील मागंच राहिली. डागी मालाचा प्रश्न मात्र फळाबरोबर आला. 1974 साली तिथं सरकारी फळप्रक्रिया महामंडळ निघालं. सी ग्रेडचं सफरचंद हमीभावानं घेऊन परवाणूच्या कारखान्यात त्याचा रस आटवतात. म्हणजे फिरून आटवण्यावरच आलं.

आता हिशोब. द्राक्षवाल्यांकडं ब्रिक्स मीटर असतंच. सफरचंदाचा रस 12 ब्रिक्सच्या आसपास. अमेरिकेच्या नियमात ॲपल बटरला किमान 43 लागतात. म्हणजे 100 किलोचे उरतात 28 किलो, बाकी 72 किलो पाणी जाळायचं. सरपण आणि मजुरी यातच धंद्याचं गणित अडतं. आणि जॅमला 65 लागतात, हे त्याच्या बरंच खाली. तेव्हा उकळतं असतानाच निर्जंतुक बरणीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. वरती बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाकून द्या.

आम्ही केलं ते असं. दोन किलोचा रस काढून निम्मा आटवला. तीन किलोच्या फोडी त्यात शिजवून चाळणीतनं घोटून काढल्या. नासका भाग आधीच कापून टाकला होता. मंद आचेवर तीन तास, एका लिंबाचा रस, चमचाभर दालचिनी पूड, चार लवंगांची पूड. साखर एक कणही नाही. गार ताटलीत थेंब टाकायचा, कडेनं पाणी सुटलं नाही की झालं. किलोभर निघालं.

मला यातनं कळलं ते एवढंच. त्या लोकांनी हे विकून बंगले बांधले नाहीत. बाजारात ज्याला किंमत नव्हती ते फळ त्यांनी घरात हिवाळाभर खाल्लं. माझ्या बारा कॅरेट पेरूला मार्केटमध्ये किंमत नव्हती हे खरं, पण बांधावर ओतला तो मी. घरात काहील होती, शेजारी चार घरं होती, मी कुणाला हाकच मारली नाही.

येत्या बहाराला डागी पेरू निघणारच. पेरूच्या बिया चाळायला मेहनत जास्त, पण गर आटवायची रीत तीच. चार घरांशी बोलणं झालंय, एक दिवस सावडीनं चुलाण पेटवायचं. जमलं तर लिहीन, करपलं तरी लिहीन.

तुमच्याकडं आंबा, चिकू, बोरं, सीताफळ आटवायची जुनी रीत कुणा आजीला माहीत असेल तर विचारून ठेवा. आजी आहे तोवर.