उंदरांची वंशावळ

श्रोतेहो, गोठ्यातल्या गाईविषयी कुणी विचारलं, तर तुम्ही चटकन सांगता: ही अमक्या गाईची कालवड, हिचं हे तिसरं वेत. पण उंदरांची वंशावळ कुणी लिहून ठेवील का? अमेरिकेतल्या एका शिक्षिकेने ती ठेवली, आणि वैद्यकशास्त्र तिचे ऋणी झाले.

ॲबी लॅथ्रॉप हे त्या बाईंचे नाव. जन्म 1868चा. शिक्षकी सोडल्यावर 1900च्या सुमारास त्या मॅसेच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅन्बी गावी आल्या. कोंबड्या पाळून पाहिल्या. धंदा बसला नाही. मग हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पाळले. पुढे हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधकच गिऱ्हाईक झाले, आणि उंदीर हजारांवर गेले.

आता अडचण पाहा. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, आणि तिची पिल्ले दोन महिन्यांत आईबाप होतात! वहीत नोंद नसेल, तर वर्षभरात कोण कुणाचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. लॅथ्रॉपबाईंनी म्हणूनच पैदाशीच्या वह्या ठेवल्या.

1908च्या सुमारास काही उंदरांच्या कातडीवर गाठी दिसल्या. लिओ लोब या शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले, हा कर्करोग आहे. मग दोघांनी मिळून वर्षानुवर्षे नोंदी ताडून पाहिल्या. काही कुळांत माद्यांना स्तनाचा कर्करोग फार होई, काहींत क्वचित. रोगात वंशाचा भाग असतो, हे त्या वह्यांतून दिसू लागले.

बाई 1918 साली वारल्या. 1921 साली क्लॅरेन्स लिटल यांनी त्यांच्याकडच्या उंदरांपासून एक वाण सुरू केले. सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या वीस पिढ्या लावल्या, की सारे उंदीर जवळजवळ एकसारखे होतात. मग औषध दिल्यावर पडलेला फरक औषधाचा की रक्ताचा, हा घोळ उरत नाही. त्या वाणाचे नाव सी-57 ब्लॅक. यातला 57 म्हणजे मूळ मादीचा नोंदीतला क्रमांक, बरं का! 2002 साली उंदराचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तो याच वाणाचा.

लिटल यांनी 1929 साली बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा काढली. 1947च्या वणव्यात ती जळाली, हजारो उंदीर मेले. पण तिथून पूर्वी उंदीर नेलेल्या संशोधकांनी त्याच वाणांच्या जोड्या परत धाडल्या. कुळ लिहिलेले होते, म्हणूनच ती पुन्हा उभी राहिली.

आज वहीचे काम संगणक करतो. पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवरच्या रेघा यंत्र वाचते. आईबाप, जन्मतारीख, पिढी पडद्यावर उमटते. पण पिल्लू भलत्याच आईच्या नावे टाकले, तर संगणक ती चूकच इमानाने जपून ठेवतो. मग सारा प्रयोग फुकट, आणि त्या मुक्या जिवांचा बळीही फुकट.

गुरुजी, शाळेचा हजेरीपट भरताना ही ग्रॅन्बीची बाई आठवा. नोंद त्याच दिवशी करावी, खरी करावी. तिचा उपयोग कुणाला होईल, हे लिहिणाऱ्याला कुठे ठाऊक असते?