हॉलमधला कार्निव्हल

लंडनचा नॉटिंग हिल कार्निव्हल म्हटलं की काय आठवतं? ऑगस्टअखेरचा लाँग वीकेंड, पिसांचे मुकुट, स्टीलपॅन आणि रस्त्यावर लाखोंची गर्दी. पण गंमत म्हणजे याची सुरुवात झाली ती ऐन जानेवारीत, चार भिंतींच्या आत!

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामाला माणसं हवी होती, म्हणून कॅरिबियन बेटांवरून हजारो लोक आले. बस चालवायला, हॉस्पिटलात राबायला ते चालत होते. शेजारी म्हणून मात्र नाही. ऑगस्ट १९५८ च्या अखेरीस नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळ्यांनी त्यांच्यावर हल्ले केले. दंगल बरेच दिवस चालली.

क्लॉडिया जोन्स ही पत्रकार तेव्हा लंडनमध्ये 'वेस्ट इंडियन गॅझेट' चालवत होती. जन्म त्रिनिदादचा, वाढली अमेरिकेत, आणि कम्युनिस्ट म्हणून १९५५ मध्ये तिथून हद्दपार. दंगलीची कडवट चव घालवायला या बाईंनी काय केलं? ३० जानेवारी १९५९ ला सेंट पॅनक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला! गाणी, नाच, स्टीलबँड. बीबीसीने तो टीव्हीवरही दाखवला. कार्यक्रमाच्या पुस्तिकेच्या विक्रीतला काही पैसा दंगलीत दंड झालेल्या तरुणांसाठी होता. काळ्या आणि गोऱ्या, दोन्ही!

आता कोणी म्हणेल, दंगलीवर नाचगाणं हा काय उपाय झाला? त्यासाठी जरा त्रिनिदादला जायला हवं. गुलामगिरी संपल्यावर तिथल्या लोकांनी कार्निव्हलचे रस्ते ताब्यात घेतले. १८८१ मध्ये पोलिसांशी मोठी चकमक झाली, मग ढोलांवर बंदी आली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे तेलाच्या पिंपांपासून स्टीलपॅन घडवले. म्हणजे ज्याला आपण नुसती मजा समजतो, ते बंदीला दिलेलं उत्तर आहे.

लंडनमध्ये कार्निव्हल रस्त्यावर आला तो १९६६ च्या सुमारास. रॉन लॅस्लेट या समाजसेविकेने मोहल्ल्यातल्या मुलांसाठी जत्रा भरवली आणि रसेल हेंडरसनचा स्टीलबँड वाजवत वाजवत थेट रस्त्यावर निघाला. त्याच वर्षी 'कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट' सुरू झाली. मोठ्या गॅलऱ्या दार उघडेनात, तेव्हा या मंडळींनी आपली प्रदर्शनं आपणच भरवली. लंडनच्या ईलिंग भागातल्या हंटली दांपत्याच्या पुस्तकांच्या दुकानातही चित्रं लागायची. त्या दुकानावर वर्णद्वेष्ट्यांचे हल्लेही झाले. आणि २०१५ मध्ये? लंडनच्या गिल्डहॉल आर्ट गॅलरीत, 'नो कलर बार' या प्रदर्शनात, तेच दुकान कलाकृती म्हणून पुन्हा उभं केलं गेलं!

कार्निव्हलचा पोशाख अंगावर चढवून नाचण्यासाठीच असतो, भिंतीवर टांगला की त्यातला जीव जातो, अशी एक तक्रार असते. ती खरीच आहे. पण रस्त्यावर पोशाख दिसतो. तो कोणी शिवला, आणि का शिवावा लागला, हे दिसत नाही. ते सांगायला हॉलच लागतो. क्लॉडिया जोन्स १९६४ च्या डिसेंबरमध्ये गेल्या. रस्त्यावरचा कार्निव्हल त्यांनी पाहिलाच नाही.

पुढच्या वेळी तो टीव्हीवर दिसला, तर जानेवारीतला तो हॉल जरूर आठवा.